धाकटीच्या माश्या

"लोक रिकामे असले की माश्या मारत बसतात, आमची बायको मात्र माश्यांना जेवायला घालते," हा माशीमावशीच्या नवऱ्याचा ठरलेला विनोद. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि कापडांचे ढीग. माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो हे एकदा तरी ऐकवायचा. गिऱ्हाईक हसायचं, मग खरं काय ते विचारायचं, आणि मग त्याला बायकोचं कौतुक सांगायला तोंड फुटायचं.

खरं होतंही तसंच. एका मोठ्या संशोधन संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर माश्यांची खोली होती. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात ना, टाचणीच्या डोक्याएवढ्या, त्या माश्या. मावशी रोज मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवायची, ते गरम असतानाच काचेच्या नळ्यांमध्ये ओतायची आणि गार झालं की कापसाचे बोळे लावायची. त्या खाण्यावर माश्या अंडी घालत, अळ्या होत, कोश होत, पुन्हा माश्या. खाणं जुनं झालं की माश्या नव्या नळीत हलवायच्या. नळीवर नळी पालथी घालायची आणि एक चापट मारायची, की सगळ्या खाली. मावशीच्या हातून एक माशी निसटेल तर शपथ. संस्थेत तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच निघायचं. एरवी संचालकबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती माशीमावशी.

तिला हे काम दिलं सरांनी. सर तेव्हा नवे होते, प्रयोगशाळाही नवी होती. काम कंत्राटी, दर वर्षी सरांची सही झाली की पुढचं वर्ष. सही कधी चुकली नाही. पुढे मावशीच्या मुलीलाही सरांनीच शब्द टाकून संस्थेच्या ग्रंथालयात चिकटवलं, तेही कंत्राटीच. पाहुणे आले की सर मावशीला मुद्दाम बोलावून घेत आणि म्हणत, "या आमच्या लॅबच्या खऱ्या मालकीण." नवऱ्याच्या अधू होत चाललेल्या डोळ्यांची चौकशी करत. माणूस वाईट असला की तो सगळ्यांशीच वाईट वागला असता, तर जगात निम्मे घोळ झालेच नसते. पण तसं होत नाही, आणि म्हणून मावशीसारख्या माणसांची पंचाईत होते.

धाकटी आली ती पीएचडीला. प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी. घरात शिकलेलं कोणी नाही, आई शाळेत स्वयंपाकाला, आणि ही माश्यांच्या मेंदूवर काम करणार. दुपारी डबा घेऊन ती मावशीशेजारी स्टुलावर बसायची आणि जेवता जेवता नळ्यांमधल्या माश्यांना नावं ठेवायची. ही आळशी, तो लाल डोळ्यांचा हावरट. मावशीला ती पोटच्या पोरीसारखी झाली होती, उगाच नाही.

धाकटीचं काम किचकट होतं. निरनिराळ्या माश्यांमधले निरनिराळे दोष पिढ्यांमागून पिढ्या जुळवत एकाच माशीत आणायचे. अशा माश्या जगात कुठे नव्हत्या. त्या तयार झाल्या आणि टिकल्या तर तिचा प्रबंध, तिची पदवी. नाही टिकल्या तर पहिल्यापासून पुन्हा सुरुवात, आणि तेवढी वर्षं कोणी देत नाही. त्या सगळ्या माश्या एका निळ्या ट्रेमध्ये होत्या.

आता या कामाची एक खोड आहे. हव्या त्या मादीला हवा तो नर गाठून द्यायचा, तर ती मादी आधी कुठल्या नराजवळ गेलेली नसली पाहिजे. माद्या कोशातून बाहेर पडतात त्या बहुतेक पहाटे, आणि पहिले काही तास त्या नराला जवळ येऊ देत नाहीत. तेवढ्या वेळात त्यांना वेचून वेगळं काढायचं. माश्यांना गॅसवर झोपवायचं, मायक्रोस्कोपखाली धरायचं आणि बारीक ब्रशने एक एक मादी बाजूला सारायची. प्रयोगशाळेत त्यांना व्हर्जिन म्हणतात. सगळे म्हणतात, कोणाच्या मनात काही नसतं. सर मात्र चहाच्या वेळी तो शब्द जरा लांबवून उच्चारत आणि म्हणत, "आमच्या धाकटीची नजर फार तयार आहे, बघताच ओळखते." मुलं हसत. मावशीला नीटसं कळत नसे, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसे.

एकदा सर चहा घेता घेता सहज विचारत होते, कोण किती वाजता येतं, कोण आळस करतं. मावशीच्या मनात आलं, पोरीचं भलं होईल. तिने सांगितलं, "सर, धाकटीसारखी मुलगी नाही. पहाटेच येते. वॉचमन सोडला तर इमारतीत चिटपाखरू नसतं, आणि ही एकटी बसून माद्या वेचते." सर म्हणाले, असं का, मग एकदा बघायला हवं. मावशी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली की आज पोरीची चांगली शिफारस केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटी जाड जॅकेट घालून बसायला लागली. माश्यांसाठी ती खोली बारा महिने उबदार ठेवलेली, बाकीची मुलं बाह्या दुमडून बसत, आणि ही गळ्यापर्यंत चेन ओढून घामाने निथळत बसलेली. मावशीने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. डब्यातलं ती अर्धं टाकायची. माश्यांना नावं ठेवणंही बंद झालं. एक दिवस तिने मावशीला विचारलं की तुम्ही पहाटे येऊ शकाल का. मावशी म्हणाली, अगं, पहिली बस कितीला निघते ते तरी ठाऊक आहे का तुला? आणि तुझ्या माश्यांना सोबत कशाला हवी? धाकटी "काही नाही, सहज" म्हणाली. त्या "सहज"वर मावशीने पुढे कितीदा डोकं आपटून घेतलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

मग एका सकाळी मावशी कामावर आली तर सगळे दबक्या आवाजात बोलत होते. धाकटीने सरांविरुद्ध तक्रार केली होती. संस्थेने समिती नेमली, संचालकबाई अध्यक्ष, आणि समितीने पहिला हुकूम काढला तो असा की चौकशी संपेपर्यंत धाकटीने प्रयोगशाळेत यायचं नाही. तिच्याच सुरक्षिततेसाठी, म्हणे. सरांना बाहेर काढायचं तर बाकीच्या मुलांचं काय, आणि अनुदान तर सरांच्याच नावावर. म्हणजे ज्याने केलं तो आत आणि जिने सांगितलं ती बाहेर, आणि याला सुरक्षितता म्हणायचं. शहाण्यासुरत्या माणसांनी एका टेबलाभोवती बसून हे ठरवलं आणि कोणाला लाजही वाटली नाही.

धाकटी त्या संध्याकाळी मावशीच्या घरी आली. शिंप्याने मशीन थांबवलं, कापडं बाजूला सारून तिला बसायला जागा केली आणि काही न विचारता आत चहा ठेवायला गेला. पोर बराच वेळ हातातल्या चिंधीचे धागे काढत बसली. मग खाली मान घालूनच बोलली.

"सर पहाटे यायचे, मावशी. मागे उभे राहायचे. म्हणायचे, मायक्रोस्कोपवरून डोळा काढू नकोस, तुझं काम चालू दे. माश्या गॅसवर झोपलेल्या असायच्या. मी उठले असते तर पायाखालची कळ सुटून गॅस बंद झाला असता, त्या जाग्या होऊन एकमेकांत मिसळल्या असत्या. महिन्यांचं काम. त्यांना ते माहीत होतं. मी हलायचेच नाही. वेचत राहायचे." ती थांबली. "मग एक दिवस त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी मी उठले. माश्या गेल्या त्या दिवशीच्या."

धाकटी पुढे म्हणाली, मी मुद्दाम कोणालाच वेळ सांगितली नव्हती, दाढीवाल्यालासुद्धा नाही, सरांना कशी कळली कुणास ठाऊक. दाढीवाला म्हणजे प्रयोगशाळेतला सगळ्यांत जुना विद्यार्थी.

"मी सांगितली," मावशी म्हणाली.

धाकटीने वर बघितलं. रागावली असती, चार शब्द बोलली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला काय माहीत होतं, मावशी." चहा तसाच गार झाला. निघताना तिने एकच मागणं मागितलं. निळा ट्रे जगवा. चौकशी काय, आज ना उद्या संपेल, पण माश्या थांबत नाहीत. दोन पिढ्या चुकल्या की संपलं. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

आणि तिने तो डोळ्यांत तेल घालून पाळला. इतर नळ्या बदलायला उशीर झाला तर होऊ दे, निळा ट्रे आधी. धाकटीने समितीकडे अर्ज करून पाहिला होता की माझ्या माश्या दुसऱ्या प्रयोगशाळेत हलवू द्या. समिती म्हणाली, हा शैक्षणिक प्रश्न आहे, तुझ्या मार्गदर्शकांची परवानगी आण. मार्गदर्शक म्हणजे सरच. माश्या ठेवून घ्याल का असं मावशीने विचारलं, तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन हात वर केले. त्यांची बढती अडकली होती आणि बढतीच्या समितीवर सर होते. दाढीवाल्याचा प्रबंध सरांच्या टेबलावर सहीची वाट बघत पडला होता. एके दुपारी तो नळ्या धुताना मावशीच्या शेजारी उभा राहिला आणि पुटपुटला की त्यानेही एकदा पहाटे सरांना खोलीतून बाहेर पडताना पाहिलंय. मग समितीला सांग ना, मावशी म्हणाली. तो नळी विसळतच राहिला. बाकीची मुलंही मूग गिळून होती.

समितीने मावशीलाही बोलावलं. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, आणि संचालकबाईंचा आवाज अगदी मऊ. तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत? मावशीने जॅकेटचं सांगितलं. एक सदस्य म्हणाला की मुलीला थंडी वाजत असेल. तिथे थंडी नसते साहेब, मावशी म्हणाली, माश्यांना चालत नाही. त्याने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, पण पाहिलं काय? वेळ आपणच सरांना सांगितल्याचंही तिने सांगून टाकलं. त्यावर दुसरा म्हणाला, मार्गदर्शकाने विद्यार्थिनीचं काम बघायला जाणं यात वावगं काय? तिथून ग्रंथालयाच्या काचेतून तिला आपली मुलगी पुस्तकं लावताना दिसत होती. आणखी बोलावं की इथेच थांबावं, या विचारात ती थांबलीच. संचालकबाईंनी आभार मानले.

सरांनी तिला त्याबद्दल अवाक्षर विचारलं नाही. उलट त्या आठवड्यात ते नवऱ्याच्या डोळ्यांची चौकशी करून गेले. मावशीला वाटलं, निभावलं.

मग निळ्या ट्रेमध्ये कीड निघाली. या किडीला माइट म्हणतात. पांढरी धूळ सरकावी तशी दिसते, माश्यांची अंडी खाते, आणि एका नळीतून दुसऱ्या नळीत चालत जाते. ती शिरली की खोलीभर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून माइट दिसलेला ट्रे त्याच दिवशी फ्रीझरमध्ये घालून मारायचा, मग तो कोणाचाही असो. नव्या मुलांना हा नियम पहिल्या दिवशी घोकून घ्यायला लावायची ती मावशीच. सरांनी स्वतः मायक्रोस्कोप लावून तिला बोलावलं. तिने पाहिलं. खरंच होती कीड. खोटं असतं तर ती भांडली असती.

पण कीड आली कुठून हेही तिला कळत होतं. बाहेरगावाहून आलेल्या, किडीचा संशय असलेल्या नळ्या तपासून होईपर्यंत वेगळ्या कपाटात कुलपात होत्या. त्या कपाटाच्या किल्ल्या दोघांकडेच, एक सरांकडे आणि एक तिच्याकडे. तोंड उघडावं तर बोट तिच्याकडेच वळणार.

"मला किती वाईट वाटतंय, मावशी," सर म्हणाले. "पोरीची मेहनत आहे. पण नियम तुमचाच ना?"

मावशीने ट्रे उचलला. फ्रीझरपर्यंतच्या त्या बोळात तिने आयुष्यात केली नव्हती ती गोष्ट केली. त्यातल्या त्यात स्वच्छ दिसणाऱ्या नळ्या काढून डब्याच्या पिशवीत घातल्या. बाकीचा ट्रे तिने स्वतःच्या हाताने आत ठेवला आणि दार लावलं. मग तिथेच भिंतीला टेकून ती रडली.

घरी शिंप्याने एक शब्द वाकडा काढला नाही. उलट त्यालाच चेव आला. नळ्यांना मुंग्या लागायच्या, कारण खाण्यात साखर. सगळं घर धुंडाळून त्याने मुंग्या येत नाहीत अशी एक फळी शोधली आणि तिच्यावर कापड अंथरून नळ्या ओळीने मांडल्या. मावशी रोज घरीच थोडं खाणं शिजवायची आणि माश्या नव्या नळीत हलवायची, म्हणजे कीड जुन्या नळीत मागे राहते. खंड न पाडता, रोज. हळूहळू नळ्या स्वच्छ दिसायला लागल्या. भिंग लावून लावून तिने खात्री केली आणि धाकटीला फोन केला, की जगल्यात. या माश्या उद्या कोणाला दाखवायच्या, चोरीचा आळ आला तर काय, याचा विचार दोघींपैकी कोणीच केला नाही. पलीकडून नुसता रडण्याचा आवाज येत होता. शिंपी मशीनवरून ओरडला की तिला सांग, माझीही आता माश्यांवर पीएचडी होणार.

नव्या नळ्यांत अंडी दिसली. मावशी अळ्यांची वाट बघू लागली. एक दिवस गेला, दुसरा गेला, खाणं जसंच्या तसं. अंडी होती, पण पोकळ. ती त्या फळीसमोर उभी राहून विचार करत होती, कुठे माशी शिंकली. खाण्यात चूक नाही. कीड नाही. तेवढ्यात नवऱ्याने खाली टेबलावर इस्त्री टेकवली आणि ओल्या कापडाची गरम वाफ तिच्या तोंडावर आली.

उष्णता वाढली की नर वांझ होतात. माश्या दिसायला धडधाकट, उडतात, खातात, जोड्याही लावतात, पण पुढे काही नाही. म्हणूनच तर संस्थेत ती दिवसातून दहादा भिंतीवरचा थर्मामीटर बघायची. घरी तिचा सगळा जीव मुंग्यांत आणि किडीत अडकलेला, आणि मुंग्या त्या फळीवर येत नव्हत्या त्या इस्त्रीच्या धगीमुळेच. तिने घाईघाईने नळ्या पाण्याच्या माठाशेजारी गारव्याला नेल्या. पण एव्हाना माश्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. एक एक करून खाण्याला चिकटून मेल्या. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिने, कीडच होती, असं सांगितलं. बिचाऱ्याने हौसेने फळी पुसून घेतली होती. धाकटीला तिने फोन करून माश्या गेल्या एवढंच सांगितलं.

समितीचा निकाल आला तोवर कोणाला त्याची फारशी उत्सुकता राहिली नव्हती. पुरेसा पुरावा आढळला नाही. यापुढे खोलीचं दार उघडं ठेवावं अशी सूचना. धाकटीला वाटल्यास ती दुसऱ्या मार्गदर्शकाकडे पहिल्यापासून सुरुवात करू शकेल, असंही त्यात होतं, फक्त दुसरा मार्गदर्शक कोण ते नव्हतं. धाकटी सामान न्यायला आली तेव्हा वॉचमन तिच्याबरोबर वर आला, कारण तसा हुकूम होता. तिने खुर्चीवरचं जॅकेट घेतलं नाही. मावशीला मिठी मारली आणि म्हणाली, "आई विचारते, एवढी वर्षं काय केलंस. काय सांगू तिला?"

काम सोडावं असं मावशीच्या मनात रोज येई. पण मुलीचं कंत्राट होतं, आणि नवऱ्याला आता सुईत दोरा ओवता येत नव्हता. सरांनी मावशीच्या कंत्राटावर सही आणि मुलीच्या कंत्राटाची शिफारस त्याही वर्षी वेळेवर केली. दाढीवाल्याला पदवी मिळाली, त्याने पेढे न वाटता मावशीला नुसता वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

पुढे धाकटीच्या जागी नवी मुलगी आली. हसरी, धीट, पटापट बोलणारी. तिला माश्यांचं सगळं शिकवायचं काम मावशीकडे. मावशीने नळी पालथी घालायला शिकवलं, कीड ओळखायला शिकवलं, नर-मादी ओळखायला शिकवलं. माद्या वेचायचं आलं तेव्हा तिने खोलीत दुसरं कोणी नाही हे पाहून घेतलं. एवढे दिवस मनात घोटून ठेवलेलं ती आता बोलणार होती. पुन्हा गप्प बसायचं नाही असं तिने स्वतःला बजावलं होतं, मग नोकरी राहो नाहीतर जावो.

"पहाटे एकटी यायचं नाही," ती मुलीचा हात धरून म्हणाली. "काही झालं तरी नाही. सर आले तर उठून उभं राहायचं, माश्या गेल्या तर जाऊ देत. मला फोन कर. मी चालत येईन."

मुलगी चकित झाली नाही. तिने उलट मावशीचाच हात दोन्ही हातांत घेतला.

"सर म्हणाले होते, तुम्ही असं काहीतरी सांगाल म्हणून," ती अगदी मायेने म्हणाली. "मागच्या ताईंच्या त्या प्रकरणापासून तुम्ही फार हळव्या झालात, म्हणाले. म्हणाले, मावशी मनाने फार चांगल्या आहेत, त्यांच्याशी वाद घालू नकोस."

मावशीने तिच्या हातांतून आपला हात सोडवून घेतला.

"बरं, नाही येणार एकटी. झालं?" मुलगी तिची समजूत घालत म्हणाली, आणि वही पुढे ओढून तिने विचारलं की पहिल्या माद्या नेमक्या किती वाजता बाहेर पडायला लागतात.